बोर्डाकडे बघतंय कोण?

दिवाळीच्या सुट्टीत जळगावहून भाचा आला, तेव्हा फराळाच्या डब्यांबरोबर त्याने एक यादीही आणली होती. ॲनिमेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करून तो आता घरूनच कामे घेतो आणि त्यासाठी त्याला नवा कॉम्प्युटर असेंबल करून हवा होता. वहीच्या कागदावर नीट अक्षरात लिहिलेल्या त्या यादीत सर्वांत वर ग्राफिक कार्ड, म्हणजे चित्र पडद्यावर आणणारे कार्ड, होते, त्याच्या नावाखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या आणि एकूण रकमेचा निम्म्याच्या आसपासचा वाटा त्या एकाच ओळीने घेतला होता. मग प्रोसेसर, रॅम, फाइली साठवणारी एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस, काचेची बाजू असलेले कॅबिनेट. आणि सगळ्यांत शेवटी, कॅबिनेटच्याही खाली, ‘मदरबोर्ड – कुठलाही, स्वस्तातला’ एवढेच. मदरबोर्ड म्हणजे हे सगळे पार्ट ज्यावर बसतात आणि एकमेकांशी जोडले जातात ती पाटी. कॅबिनेटचा रंगसुद्धा त्याने लिहिला होता, बोर्डाचे मॉडेल मात्र नव्हते. “कुठलाही म्हणजे?” मी विचारले. चकलीचा तुकडा तोंडात टाकत तो म्हणाला, “अरे मामा, बोर्डाकडे बघतंय कोण?”

त्या वेळी मी हसलो आणि विषय पुढे गेला. पण नंतर बरेच दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यात उर्मटपणा नव्हता. हिशेब होता, आणि तो हिशेब मला सहजासहजी खोडून काढता येईना, हेच खटकत होते.

कारण आकडे त्याच्या बाजूने आहेत. ग्राफिक कार्डांची परीक्षणे पाहावीत, तर त्यांत आडव्या पट्ट्यांचे आलेख असतात: या गेममध्ये सेकंदाला इतक्या फ्रेम, त्या सीनचा रेंडर, म्हणजे तयार चित्र, इतक्या सेकंदांत. एक कार्ड काढून वरच्या दर्जाचे दुसरे लावले की पट्टीची लांबी बदलते आणि आपले पैसे कुठे गेले ते डोळ्यांना दिसते. बोर्डाची अशी पट्टी काढता येत नाही. प्रोसेसर, कार्ड आणि रॅम तीच ठेवून साध्या बोर्डाच्या जागी त्याच्या तिप्पट किमतीचा बोर्ड बसवला, तरी फ्रेमचा आकडा जेमतेम एक-दोनने हलतो, आणि तेवढा तर तीच चाचणी दुसऱ्यांदा घेतली तरी हलतो. बोर्डाची कामगिरी म्हणजे त्याने काय काय अडवले नाही, एवढीच. आणि न अडलेल्या गोष्टीचा आलेख काढणार तरी कसा? शिवाय काचेच्या कॅबिनेटमधून नजरेत भरते तेही कार्डच. दोन-तीन पंख्यांचे ते जाडजूड धूड आडवे बसले की बोर्डाचा खालचा बराचसा भाग त्याच्यामागे झाकून जातो. पाहुण्यांना दाखवायला उरते काय, तर रॅमच्या पट्ट्या आणि प्रोसेसरवरचा कूलर.

बोर्डाकडे बघण्याची माझी सवय जुनी आहे आणि ती हौसेतून आलेली नाही. आमच्या डोंबिवलीच्या घरात पहिला कॉम्प्युटर २००० सालच्या आसपास आला. वडिलांनी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढले होते. असेंबल करून देणाऱ्या गृहस्थांनी बजेट विचारले आणि त्यात बसेल असा बोर्ड निवडला. तेव्हा इंटेलचा ८१० हा चिपसेट, म्हणजे बोर्डावरचे पार्ट एकमेकांशी जोडणारी चिप, स्वस्त कॉम्प्युटरांमध्ये सर्रास असे. त्याची काटकसर मोठी हुशारीची होती: चित्र पडद्यावर आणण्याचे काम चिपसेटच करी, वेगळ्या कार्डाचा खर्च वाचे, आणि त्यासाठी वेगळ्या कार्डाला लागणारा एजीपी स्लॉट त्या चिपसेटमध्ये ठेवलेलाच नव्हता. आमचा बोर्ड त्याच जातीचा होता. इतर कार्डांसाठीचे पीसीआयचे पांढरे स्लॉट होते, पण वरच्या बाजूला, जिथे मित्राच्या बोर्डावर तो तपकिरी रंगाचा एजीपी स्लॉट असे, तिथे आमच्याकडे नुसती हिरवी पाटी. मित्राने एनव्हिडियाचे टीएनटी-२ कार्ड घेतले तेव्हा त्याच्या पडद्यावरच्या भिंतींना विटा आल्या, पाण्यावर चमक आली. आमच्याकडे ते गेम सुरू होण्याआधीच नकाराची चौकट यायची. वडिलांना जे हवे होते, म्हणजे टायपिंग, हिशेबाची पत्रके आणि सीडीवरचा ज्ञानकोश, ते सगळे त्या बोर्डाने बिनतक्रार केले, त्यामुळे त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण खाऊचे पैसे साठवून कार्ड घेता येईल, स्लॉट मात्र घेता येणार नाही, हे त्या वयात झाकण उघडून पाहिलेल्या त्या रिकाम्या जागेने मला पक्के समजावले.

त्याच्या नंतरचा बोर्ड निराळ्याच कारणाने लक्षात राहिला. कॉम्प्युटर अधूनमधून आपोआप बंद पडू लागला, तेव्हा आधी रॅमवर, मग एसएमपीएसवर संशय घेतला. शेवटी टॉर्च घेऊन आत डोकावलो, तर प्रोसेसरच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या कपॅसिटरांची, म्हणजे वीज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्यांची, डोकी फुगलेली दिसली. त्यांच्या माथ्यावर फुलीच्या आकाराची खाच असते. ती वर उचलली गेली होती आणि दोनांच्या फटीतून तपकिरी चिकट राळेसारखे काहीतरी बाहेर येऊन वाळले होते. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांची ही साथ जगभरच्या बोर्डांना लागली होती, हे पुढे वाचण्यात आले. पण त्या दिवशी कळले ते एवढेच, की बोर्डावर विजेचे म्हणून एक स्वतंत्र खाते असते आणि ते बिघडले की बाकी सगळे पार्ट धडधाकट असूनही उपयोग नसतो.

आता भाच्याच्या यादीतल्या पहिल्या ओळीकडे वळतो, कारण निवडीला सुरुवात तिथूनच करायला हवी, हे मलाही मान्य आहे. त्याचे बरेचसे काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चालते आणि रेंडर त्यातल्या सायकल्स या इंजिनावर होतात. तिथे एनव्हिडियाच्या कार्डांना ऑप्टिक्स या त्यांच्या खास तंत्राचा मोठा फायदा मिळतो, म्हणून कंपनीचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता मेमरीचा. सीनमधले आकार, टेक्श्चर (पृष्ठभागाची चित्रे), केस, गवत हे सगळे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावले पाहिजे. मावले नाही, तर रेंडरचा वेग कोसळतो किंवा तो मध्येच थांबतो. गेममध्ये कमी मेमरीची चूक थोडी अंधुक टेक्श्चर देऊन झाकता येते, रेंडरमध्ये ती झाकली जात नाही. त्याने लिहिले होते ‘आरटीएक्स ५०६० टीआय’, आणि पुढे गीगाबाइटचा आकडाच नव्हता. २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेले हे कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत विकले जाते. नाव एकच, खोके जवळपास सारखेच, आणि दोन्हींच्या जाहीर किमतींत फरक अवघा पन्नास डॉलरचा. रेंडर करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी कार्डे आहेत. “दुकानात फक्त नाव सांगितलंस तर तुला बहुधा ८ जीबीचं मिळेल,” असे मी म्हटल्यावर त्याने पेन काढून तो आकडा लिहिला आणि त्याच्याखाली तिसरी रेघ ओढली.

नावाचा हा खेळ जुनाच आहे. ज्या टीएनटी-२ साठी मी झुरत होतो, त्याचेच एम-६४ नावाचे स्वस्त भावंड बाजारात होते. त्यात मेमरीचा रस्ता १२८ बिटांऐवजी ६४ बिटांचा होता आणि खोक्यावर टीएनटी-२ हीच अक्षरे मोठी असत. २०१६ च्या जीटीएक्स १०६० मध्ये ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार निघाले, तेव्हा लोकांना वाटले की फरक मेमरीचाच आहे. प्रत्यक्षात ३ जीबीवाल्यात कोअरही, म्हणजे आकडेमोड करणारे भागही, कमी होते, १२८० च्या जागी ११५२. जीटी १०३० चे प्रकरण तर याहून वाईट. त्या कार्डात नंतर वेगवान जीडीडीआर-५ ऐवजी साधी डीडीआर-४ मेमरी घालण्यात आली आणि सेकंदाला ४८ जीबी जाणारा माल सुमारे १७ जीबीवर आला, नाव मात्र जागचे हलले नाही. आणि गंमत अशी की नुसत्या बिटांवर जावे तर तेही फसवते. आजच्या ५०६० टीआयचा रस्ताही १२८ बिटांचाच आहे, पंचवीस वर्षांपूर्वीच्या टीएनटी-२ एवढाच. पण त्यावरून सेकंदाला २.४ जीबी जायचे, यावरून ४४८ जीबी जातात. म्हणून कार्ड घेताना मी खोक्याचे तोंड न बघता त्याच्या कडेवरची बारीक अक्षरे वाचतो.

आणि त्या बारीक अक्षरांतच बोर्ड मागच्या दाराने आत येतो. ५०६० टीआय बोर्डाच्या लांबलचक स्लॉटमध्ये बसते, पण त्यातल्या सोळा लेनांपैकी, म्हणजे माहिती जाण्याच्या वाटांपैकी, आठच वापरते. नव्या बोर्डावर त्याने काही बिघडत नाही, कारण पीसीआय एक्स्प्रेस या कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या चौथ्या पिढीत आठ लेनांमधून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, पाचव्या पिढीत त्याच्या दुप्पट. पण हेच कार्ड तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर, उदाहरणार्थ बी-४५० चिपसेटच्या बोर्डावर लावले, तर वाट ८ जीबीवर येते. कार्डाची मेमरी पुरेशी असेल तोवर हे जाणवतही नाही. मेमरी भरली आणि कार्डाला रॅमकडे हात पसरावा लागला, की तीच अरुंद वाट नडते. म्हणजे कमी मेमरीचे स्वस्त कार्ड आणि जुना बोर्ड हे दोघे मिळून जे नुकसान करतात ते एकेकट्याने करत नाहीत. परीक्षणांतल्या पट्ट्या बहुतेकदा उत्तम बोर्डावर काढलेल्या असतात, त्यामुळे त्यांत हे नुकसान दिसत नाही. बोर्डाकडे कोणी बघत नाही, कारण बघणाऱ्याने तो आधीच चांगला निवडून ठेवलेला असतो.

दुसरा मुद्दा जळगावचा. परीक्षणे करणारी मंडळी खोलीचे तापमान वीस-पंचवीस अंशांवर ठेवून मोजमाप करतात. माझ्या बहिणीच्या घरी मे महिन्यात दुपारी कूलरसमोर बसूनही घामाच्या धारा लागतात आणि बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो. भाच्याने निवडलेला रायझन ७ ७७०० हा प्रोसेसर कागदावर ६५ वॉटचा आहे, पण भर कामात तो ८८ वॉटपर्यंत घेतो. एसएमपीएसकडून येणारी वीज १२ व्होल्टची असते. ती प्रोसेसरला चालणाऱ्या सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवायचे काम बोर्डाच्या व्हीआरएमचे. ८८ वॉट सव्वा व्होल्टने द्यायचे, म्हणजे प्रवाह झाला ७० अँपिअरचा. घरातल्या गिझरच्या सॉकेटवर १६ अँपिअर लिहिलेले असते. त्याच्या चौपटीहून जास्त प्रवाह त्या तळहाताएवढ्या कोपऱ्यातून रात्रभर वाहत राहतो. अगदी तळाच्या बोर्डांवर या भागातल्या मॉस्फेटांवर, म्हणजे वीज उतरवणाऱ्या चिपांवर, ॲल्युमिनियमची साधी पट्टीही नसते. थंड खोलीत ते निभावते. गरम खोलीत आधी व्हीआरएम तापतो, मग बोर्ड मुकाट्याने प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि माणूस म्हणतो की हल्ली रेंडर का कोण जाणे हळू होतात. ही सगळी मांडणी मी त्याला कागदावर आकडे मांडून दाखवली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “पण मामा, रेंडर तर कार्ड करतं ना?” यातही तथ्य होते. सायकल्सचा रेंडर कार्डावर चालू असताना प्रोसेसर बराचसा मोकळाच असतो. तो राबतो सिम्युलेशनला, व्हिडिओ जोडताना, फाइली आवळताना.

तिसरा मुद्दा आयुष्याचा, आणि इथे माझे मन खरोखर दुभंगलेले आहे. कार्ड आजसाठी घेतले जाते. तीन-चार वर्षांनी ते विकून दुसरे आणता येते आणि त्याला गिऱ्हाईकही मिळते. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळा संसार उतरवावा लागतो. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या एएम-४ सॉकेटने, म्हणजे प्रोसेसर बसण्याच्या जागेने, या बाबतीत लोकांना चांगलीच सवय लावली. २०१७ मध्ये पहिला रायझन घेतलेल्या माणसाला त्याच बोर्डावर २०२२ मध्ये ५८००एक्स३डी हा नवा प्रोसेसर बसवता आला. ते सरळपणे घडले असे नाही: २०२० मध्ये कंपनीने बी-४५० च्या बोर्डांवर पुढची पिढी चालणार नाही असे जाहीर केले, बायोसच्या, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, चिपमध्ये इतक्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही असे कारण दिले, आणि गिऱ्हाइकांनी गदारोळ केल्यावर निर्णय फिरवला. इंटेलच्या बाजूला २०१७ मध्येच याच्या उलट घडले. झेड-२७० चे बोर्ड वर्षाच्या सुरुवातीला आले, सॉकेटचे बिंदू ११५१; ऑक्टोबरमध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, बिंदू तेच ११५१, आणि तरीही त्यांना नवा झेड-३७० बोर्डच लागला. भाच्याच्या प्रोसेसरला लागणाऱ्या एएम-५ सॉकेटसाठी २०२७ आणि पुढेही नवे प्रोसेसर येतील असा एएमडीचा शब्द आहे. त्याच्या भरवशावर थोडा बरा बोर्ड घ्यावा, असे माझे म्हणणे होते.

पण ‘पुढेमागे लागेल’ हे आमच्या पिढीचे लाडके वाक्य आहे, आणि त्या वाक्यावर किती बोर्ड विकले गेले असतील याची कल्पना मला आहे. जुने बोर्ड भंगारात देताना मी ते नीट पाहत असे. चार रॅमस्लॉटांपैकी दोनांत धूळ, खालच्या पीसीआय स्लॉटांवरचे सोनेरी दाते जसेच्या तसे, कुठल्याशा कोपऱ्यातल्या पिनांवरची टोपीसुद्धा न काढलेली. महाग बोर्डांत तर ही आशाच चढ्या भावाने विकली जाते: धातूची चिलखते, रंगीत दिवे, एसएसडीचे पाच एम.२ स्लॉट. तिथे मी पूर्णपणे भाच्याच्या बाजूचा आहे. खालच्या अंगाला दिसणारा दुसरा लांब स्लॉट पुष्कळदा दिसायलाच सोळाचा असतो, आतून त्याला चारच लेना जोडलेल्या असतात. ते पैसे कार्डात घालावेत, ८ चे १६ जीबी करावेत, हे उघड आहे. आणि तरीही मला त्याच्यासाठी चार रॅमस्लॉटांचा बोर्ड हवा होता. ती गरज त्याची किती आणि एजीपीविना राहिलेल्या त्या मुलाची किती, हे मला वेगळे काढता आले नाही.

डिसेंबरात आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव पडून जमाना झाला, पण ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून ते नाव घेणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही. अरुंद गाळे, छतापर्यंत रचलेली खोकी, शिडीवर चढलेला मुलगा आणि काउंटरमागे कॅल्क्युलेटर बडवणारा शेठ, हे सगळे तसेच आहे. फक्त भाव आता गिऱ्हाईकच मोबाइलवर दाखवतो. आमच्या शेठने यादी पाहिली, कार्डाच्या ओळीवर मान डोलावली आणि बोर्डाच्या ओळीवर पेन टेकवून विचारले, “ए-६२० देऊ की बी-६५०?” दोन्ही एएम-५ चेच चिपसेट, पहिला स्वस्तातला. भाच्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे. शेठने दोन्ही खोकी उघडून काचेवर ठेवली. चंदेरी पिशवीतून बाहेर काढलेल्या नव्या बोर्डाला एक किंचित उग्र, गरम प्लास्टिकसारखा वास असतो. तो मला अजूनही आवडतो. एका बोर्डावर सॉकेटच्या भोवती उघडे काळे चौकोन होते, दुसऱ्यावर खाचा पाडलेले धातूचे दोन ठोकळे. पहिल्यावर रॅमचे दोन स्लॉट, दुसऱ्यावर चार. त्याने वाकून दोन्हींकडे बराच वेळ पाहिले, ठोकळ्यांवरून बोट फिरवले आणि किमतीतला फरक विचारला. तो फरक मी देईन, असे मी म्हणताच तो म्हणाला, “मग तेच पैसे कार्डाला दे ना.” शेवटी बी-६५० चा साधा, दिव्यांविना असलेला, मायक्रो एटीएक्स या छोट्या आकाराचा बोर्ड ठरला. यात मी जिंकलो असे म्हणवत नाही. शेठला तोच माल काढायचा होता, अशी भाच्याची पक्की समजूत आहे.

असेंब्ली घरीच, जेवणाच्या टेबलावर झाली. प्रोसेसर सॉकेटवर ठेवून दांडा खाली दाबताना जो करकर आवाज येतो, त्याने नवख्याचे हात थांबतात, त्याचेही थांबले. सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण टपकन उडाले, तेव्हा काहीतरी मोडले असे वाटून तो माझ्याकडे बघत राहिला. एसएसडी कार्डाच्या आधी बसवावी लागली, कारण तिची जागा बरोबर कार्डाच्या खाली येते आणि नंतर तिथे बोटही शिरत नाही. मग सर्व जोडून बटण दाबले. पंखे फिरले, कार्डाचेही फिरले, पडदा काळाच. एक मिनिट गेले, दुसरे गेले. “कार्ड डेड आहे,” असे म्हणून तो ते उपसायला निघाला होता. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (कार्ड), बूट. त्यांतला डीरॅमचा दिवा पेटलेला होता. एएम-५ चे बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी आपली लय जुळवून घेतात आणि त्याला काही मिनिटे लागतात. त्या वेळात पडद्यावर काहीच येत नाही. मी त्याला दिवा दाखवला आणि हात बाजूला घ्यायला सांगितले. आम्ही दोघेही त्या ठिपक्याएवढ्या दिव्याकडे टक लावून बसलो. तो विझला, पुढचा क्षणभर लागला आणि पडद्यावर बायोस आले.

गेल्या आठवड्यात जळगावहून त्याचा निरोप आला. त्याच्या मित्राने तेच १६ जीबीचे कार्ड आणि तोच प्रोसेसर दोन स्लॉटांच्या स्वस्त ए-६२० वर बसवला आहे, आणि दोघांनी एकच सीन रेंडर करून वेळ मोजली. फरक काही सेकंदांचा, तोही मित्राच्या बाजूने. सोबत दोन्ही पडद्यांचे फोटो जोडलेले होते. मे महिन्यात दुपारी पुन्हा मोजून पाहा, असे मी कळवले. त्यावर त्याचे उत्तर आले, की मे महिन्यापर्यंत त्याच्या खोलीत एसी बसणार आहे.